उभ्याने पाहिलेली नाडी

एकदा सकाळी एक सासू आपल्या सुनेला घेऊन एका वृद्ध वैद्यांच्या दारी आली. तीन वर्षांची नात सासूच्याच कडेवर होती, कारण आईला ती उचलवत नव्हती.

"तापातून उठली त्याला वर्ष झालं वैद्यबुवा, तरी नुसती पडून असते. आजार असेल तर औषध द्या. नसेल तर दुपारच्या गाडीने माहेरी सोडते. नात माझ्याजवळ राहील."

सुनेने लेकीचा पाय घट्ट धरला.

वैद्यांच्या शिष्येने सुनेला चटईवर निजवले आणि रीतीप्रमाणे नाडी पाहिली. "शांत आहे. दोष काही दिसत नाही."

"ऐकलंस?" सासू म्हणाली. "आळस काय नाडीत सापडायचाय!"

वैद्य म्हणाले, "मुली, सावकाश उभी राहा. आणि शिष्ये, तू मनगट सोडू नको." मग सासूकडे वळून विचारू लागले, "मेतकुटाला डाळी कितपत भाजता हो तुम्ही?"

शिष्येला नवल वाटले. रोगी उभा, आणि गुरुजी मेतकुटात! सासूबाई मात्र रंगात आल्या. डाळी झाल्या, तांदूळ झाले. सुंठीपाशी पोचल्या तोच शिष्या ओरडली, "गुरुजी, ही जागची हललीसुद्धा नाही, आणि नाडी धावते आहे!"

सुनेचे ओठ पांढरे पडले होते. वैद्यांनी तिला लगेच निजवले, पायांखाली उशी दिली.

"हापशाचं पाणी खाली गेलं की आपण दांडा भराभर मारतो, तरी धार बारीकच येते. मारणाऱ्याला कोणी आळशी म्हणतं का? तापानंतर जडणाऱ्या अशा थकव्याच्या आजारात काहींचं असंच होतं. उभं राहिलं की रक्त पायांकडे रेंगाळतं, वर कमी येतं, म्हणून हृदय जिवाच्या आकांताने धावतं. सासूबाई, तुमचं मेतकूट होईस्तोवर ही डोंगर चढून आली."

"मग औषध?"

"झटक्यात बरं करणारं माझ्यापाशी नाही. कामं बसून करू द्या, थकण्याआधी विसावा द्या. मोठ्या डॉक्टरांनाही दाखवा, पण उभ्यानेही तपासा म्हणावं."

सासूने नातीला अलगद आईच्या कुशीत ठेवले. दुपारची गाडी तशीच गेली.

पुढे एकदा शेजारणीने विचारले, "सूनबाई पडलेलीच का अजून?"

सासूने मान ताठ केली. "सकाळी उभं राहून लेकीची वेणी घातली तिने. डोंगर चढून आलीय माझी सून, आता विसावलीय!"

तुमच्या ओळखीत कोणी असे पडून असेल, तर त्यांच्या घरच्यांना एवढे जरूर सांगा: नाडी उभ्यानेही पाहा.