ओल्या पदरांची वाट

‘दिव्य’ हा शब्द आज आपण विशेषण म्हणून योजतो आणि त्याचा अर्थ तेजस्वी, अलौकिक असा करतो. जुन्या निवाड्यांत तो नाम होता. साक्षी संपल्या, पुरावे संपले, की ज्या कसोटीने खरेखोटे ठरवीत तिला दिव्य म्हणत. शिवेच्या तंट्यात ते ढेकळाचे असे. रानातल्या ओल्या मातीचे ढेकूळ डोक्यावर घेऊन, शपथ वाहून एका माणसाने चालायचे. तो चालेल ती शीव. ढेकळाला हात लावायचा नाही. ते वाटेत फुटले तर चालणारा खोटा.

शहराच्या उत्तर कडेला, जिथे शेवटची बस वळते, तिथून पुढे एक हिरवा उतार लागतो. सकाळी फिरायला येणारी माणसे त्याच्या पूर्वेच्या पायवाटेने चढतात, माथ्यावरच्या वडाला वळसा घालतात आणि पश्चिमेच्या पायवाटेने उतरतात. आल्या वाटेने कोणी परतत नाही. वडाजवळ झरा आहे. तिथे प्रत्येक जण पदराचे, ओढणीचे किंवा बाहीचे टोक भिजवतो आणि एखाद्या रोपावर पिळतो.

“नवा शर्ट आहे हो, आबा,” नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी परवा कुरकुर केली.

“मग उद्या जुन्या शर्टानं या. झरा कुठं पळून जात नाही,” दगडूआबा म्हणाले. या रोपांची देखभाल तेच करतात. सगळे हसले. मग आबा वडाच्या मुळीवर बसले आणि त्यांनी साळाईची कथा सांगितली.

असे सांगतात, की उताराच्या पूर्वेला करंजुले आणि पश्चिमेला दहिगण अशी दोन गावे होती. आता ती नावे केवळ वसाहतींच्या पाट्यांवर उरली आहेत. मधला उतार कोणाचा, हे पूर्वी कोणी विचारलेच नव्हते. दुष्काळात त्याच उताराने दोन्ही गावे जगवली. झऱ्याने पाणी दिले, उंबरांनी फळे दिली, जमिनीने कंद दिले, गुरांना पाला मिळाला. पुढे पाऊसकाळ सुधारला, पोटे भरली आणि दोन्ही गावांना तो उतार नांगराखाली हवासा झाला. कुऱ्हाडींना धार लागली. काठ्या निघाल्या. अखेर पंच बसले आणि दिव्य ठरले.

शिवेचे दिव्य करण्याचा भार दहिगणच्या गावकुसाबाहेरच्या राखणदार घराकडे परंपरेने होता. त्या घरचे पुरुष दुष्काळात गेले होते. उरल्या होत्या साळाई, तिची जाऊ आणि साळाईची तान्ही लेक चंद्रा. साळाईचे सासर दहिगण, माहेर करंजुले; म्हणून ती दोन्ही गावांना चालली, म्हणे. एरवी तिच्या हातचे पाणी दोन्ही गावांतल्या कोणी घेत नसे. त्या दिवशी मात्र साऱ्यांची भिस्त तिच्या पावलांवर होती.

शपथ चंद्राची होती. पाऊल खोटे पडले, तर मूल वाचणार नाही.

दहिगणच्या उमाजी पाटलांनी हाळी दिली, “जिथं हिचं पाऊल पडंल ती शीव! आन् शिवेवर नांगर चालायचा न्हाई!” दोन्ही गावांनी होकार दिला. ढेकूळ वडापाशी उतरवायचे, असा रिवाजच होता. तो सर्वांच्या इतका अंगवळणी पडला होता, की तसे बोलून दाखवायचे कोणालाच सुचले नाही.

“साळे, म्हायेराची माती इसरू नगंस गं!” एका बाजूने आई ओरडली.

“भाकर कुणाची खातीस, ते ध्यानात ठेव!” दुसऱ्या बाजूने जाऊबाईने टोमणा मारला.

साळाई क्षणभर थांबली. पूर्वेच्या कडेने गेले, तर उतार दहिगणचा. पश्चिमेच्या कडेने गेले, तर करंजुल्याचा. मधून गेले, तर अर्धा अर्धा, आणि कुऱ्हाडी दोन्हीकडच्या. सासरा नेहमी म्हणे, या उतारावर कोणाच्याच नांगराचे तास, म्हणजे फाळाची रेघ, कधी उमटलेले नाही. याच उतारावर तिने दिवस गेलेले असताना कंद उकरले होते. चंद्राला जे दूध मिळाले ते त्या कंदांचे. हा उतार एका गावाचा म्हणणे, हेच तिला खोटे पाऊल वाटले.

ती पूर्वेच्या कडेने चढू लागली. दहिगणकर हर्षले, आईने डोळ्यांना पदर लावला. वडापाशी साळाई पोहोचली, पण तिने ढेकूळ उतरवले नाही. ती वडाला वळसा घालून पश्चिमेच्या कडेला लागली. उमाजी पाटील धावत आडवे आले.

“ही काय थट्टा हाय? ठेव ते खाली!”

“पाटील, बोल तुमचाच हाय. माजं पाऊल अजून थांबलं न्हाई.”

“खुळे, ढेकूळ वाळलंय. फुटलं तर लेकरू जाईल!”

“म्हनून तर वाट द्या.”

पाटलांनी वाट दिली. ऊन डोक्यावर आले होते. ढेकळाला भेगा पडत होत्या, माती डोळ्यांत उतरत होती आणि ती पुसायला हात वर नेता येत नव्हता. तरीही पायथ्याशी तिने ढेकूळ उतरवले तेव्हा ते सबंध होते, आणि ओले होते. करंजुल्याची हद्द पूर्वेच्या वाटेशी संपली, दहिगणची पश्चिमेच्या वाटेशी. मधला सगळा उतार शिवेचा झाला. पाटील आपल्याच शब्दाने बांधले गेले होते. चंद्रा वाचली आणि म्हातारी होऊन, नातवंडे पाहून गेली, म्हणे.

आजही त्या उतारावर नांगराचे तास नाही, आणि शहर दोन्ही बाजूंनी आले तरी दोन वाटांच्या बाहेरच थांबले आहे. वसाहतींत ही कथा सांगतात तेव्हा साळाईच्या डोक्यावर एक ढग आला आणि तेवढ्याच जागी बरसला, असे सांगतात. तिथे मात्र कथा चुकते, असे दगडूआबा ठासून म्हणतात. ढग आला असता, तर झऱ्यावर पदर भिजवण्याची रीत कशाला पडली असती? आधी आई धावली. तिने झऱ्यात पदर बुडवला आणि लेकीच्या डोक्यावर पिळला. मग जाऊबाई धावली. मग दोन्ही गावांच्या, तिची सावलीही टाळणाऱ्या बायका एकीमागून एक आल्या आणि थेट पायथ्यापर्यंत आपले ओले पदर तिच्या डोक्यावर पिळत तिच्या अंगाला अंग लावून चालल्या.