एकटीचं म्हणणं

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात तान्हाक्का नावाची एक बाई बांबूच्या टोपल्या विणून पोट भरत असे. हात कसबी, पण जीभ तिखट. वाकड्याला वाकडं म्हणायची आणि तेही तोंडावर. त्यामुळे तिच्या टोपल्या घरोघरी होत्या, तिची बाजू घेणारं मात्र कुणी नव्हतं.

एका वर्षी दिवाळी सरली आणि गावच्या तळ्यात मासे मरून वर येऊ लागले. पाण्याला घाण सुटली. चौथ्या दिवशी ते पाणी प्यालेली दोन वासरं दगावली. गाव घाबरलं. दोरखंडांचा व्यापारी भानोजी म्हणाला, तान्हाक्का तळ्यात बांबू भिजत घालते, त्यानेच पाणी नासलं. घाबरलेल्या माणसाला दोष द्यायला कुणीतरी हवंच असतं. घटकाभरात सगळे चावडीवर जमले. तान्हाक्काने दिवस मावळायच्या आत गाव सोडावं, असं ठरलं. एकूणएक हात वर झाले.

निरोप आला तेव्हा ती सूप विणत होती. जायचं तरी कुठे? आईबापांनी याच मातीत देह ठेवला होता. पण ती रडत बसली नाही. पदर खोचून तडक चावडीवर गेली आणि गावच्या पाटलाला म्हणाली, "राजाचा कायदा आहे. म्हणणं ऐकल्याशिवाय कुणाला शिक्षा नाही. माझं ऐका, मग खुशाल हाकला."

लोक हसले. भानोजी म्हणाला, "सगळं गाव एका बाजूला असताना एकटीचं काय ऐकायचं?"

"गाव माझ्या बाजूने असतं, तर मला कायदा कशाला लागला असता?" तान्हाक्का म्हणाली.

दादजी पाटील भला माणूस, पण गावाचा रोष घ्यायला भिणारा. तरी शेवटी तो उठून उभा राहिला. अक्का बोलेल, म्हणाला, आणि तिचं संपेपर्यंत कुणी मधे तोंड घालणार नाही.

तान्हाक्का बोलली. तिच्या आज्यापासून बांबू त्याच जागी भिजत आले होते. ती जागा तळ्याच्या खालच्या अंगाला, जादा पाणी बाहेर पडतं त्या सांडव्यापाशी. मासे तर आधी मेले वरच्या अंगाला, ओढा येऊन मिळतो तिथे. ओढ्याने वर चला, म्हणाली, आणि स्वतःच पुढे निघाली.

लोक कुरकुरत मागे गेले. दोन शेतं ओलांडली तोच भपकारा आला. ओढ्याच्या डोहात अंबाडीच्या पेंढ्या कुजत पडल्या होत्या. दोरासाठी सालीचा वाख सुटावा म्हणून कुणीतरी त्या दगडांखाली दाबून ठेवल्या होत्या. पाणी काळंभोर झालं होतं. गावात दोराचा धंदा एकट्या भानोजीचा; पेंढ्या त्याच्याच होत्या.

आता गाव भानोजीवर उलटलं. कुणी काठी उगारली, कुणी त्याचं घर पेटवायची भाषा केली. तेव्हा तान्हाक्काच आडवी आली.

"काठी खाली घ्या," ती म्हणाली. "त्याचंही ऐकायचं राहिलंय."

भानोजी रडत रडत बोलला. दरवर्षी तो अंबाडी दूर नदीवर नेत असे, यंदा कंटाळा केला. पाणी तळ्यात उतरेल हे ध्यानात आलं नाही. मासे मेले तेव्हा मनात शंका आली, पण गावाच्या भीतीने त्याने तान्हाक्काकडे बोट दाखवलं. त्याने डोह उपसावा आणि वासरांच्या धन्यांना वासरं भरून द्यावीत, असं ठरलं. काठीची गरज कुणालाच वाटली नाही.

डोह उपसायला अख्खं गाव उतरलं. पंधरा दिवसांत तळं नितळलं. मग पाटलाने दवंडी पिटवली: या गावात ज्याच्यावर आळ आला, तो बोलून होईपर्यंत एकही हात वर होणार नाही. त्या दिवशी हलगीच्या तालावर तान्हाक्काला घरापर्यंत मिरवत नेलं, आणि मिरवणुकीच्या पुढे भानोजी चालत होता.

तात्पर्य: माणसाचे हक्क असतात ते सारे विरोधात गेले तरी तो एकटा उभा राहू शकावा म्हणून. जिथे एकट्याचा हक्क राखला जातो, तिथेच सगळे निर्भयपणे नांदतात.