डाळिंबी शालू आणि ओल्या पंखांची परी

नदीच्या वळणावर, जांभळींच्या इवल्याशा बागेशेजारी केशर आणि तिची आई राहायच्या. गावाचे कपडे धुऊन दोघींचं कसंबसं पोट भरायचं. पण आज आई तापानं फणफणली होती, आणि शेजारच्या वेणूताईचा लग्नात नेसायचा शालू केशरलाच धुवावा लागला होता. डाळिंबी, मऊमऊ, सोनसळी बुट्ट्यांचा! लग्न आज संध्याकाळीच, गोरज मुहूर्तावर.

केशरनं शालू पिळला नाही, पंच्यात गुंडाळून दाबला. मग उलटा करून सावलीत वाळत घातला. पण वाऱ्याचा पत्ताच नव्हता. पानसुद्धा हलेना.

"अगं, उन्हात टाक की!" वेणूताईची आई कुंपणापलीकडून ओरडली.

"रंग उडेल हो, काकू."

"आणि वाळलाच नाही तर? नवरी काय ओल्या शालूत उभी करू? पुन्हा तुमच्याकडे कपडे टाकणार नाही हं!"

काकू तरातरा निघून गेल्या. केशर रडली. थोडीशीच. आपलंच चुकतंय की काय?

तेवढ्यात बागेत काहीतरी चमचमलं. तापल्या दगडावर एक चिमुकली परी बसली होती. नदीत पडून चिंब भिजलेली, मोरपंखी पंख उन्हात पसरलेली.

"अगंबाई! ऊठ आधी, रंग जाईल ना!" केशर धावली. तिनं पंख अलगद टिपले आणि सावलीत, स्वच्छ फडक्यावर सपाट पसरले.

"लोंबते ठेवले तर?" परीनं विचारलं.

"छे! पाण्याच्या वजनानं ताणले जातील. मग उडशील वाकडी."

परी खुदकन हसली. पंख हळूहळू वाळले, निळे-हिरवे झळाळले.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण जे तुझ्या हातांना जमतं, ते मागितलंस तर इच्छा वाया."

केशर विचारात पडली. शालू वाळवणं तर तिला जमत होतं. मग अडलं होतं कशावाचून?

"मला वारा दे. हलकासाच."

परीनं आपले कोरडे, हलकेफुल्ल पंख फडफडवले. झुळूक आली, दुसरी आली. शालू डुलू लागला.

सूर्य कलताना काकू परत आल्या. त्यांनी शालू उजेडात धरला, गालाला लावला. कोरडा! आणि रंग जस्साच्या तस्सा!

"कुणी वाळवला गं हा?"

आई दाराला धरून उभी होती, तरी मान ताठ.

"माझ्या लेकीनं!"

"मग वऱ्हाडाचे सगळे कपडे उद्या इकडेच पाठवते," काकू म्हणाल्या.

केशरनं वर पाहिलं. जांभळीच्या शेंड्यावर परी सोनेरी उजेडात उजेड होत विरून गेली, अगदी सरळ उडत.