जावईबापूंची ब्लॉकचेन

बार्शीच्या एका वाचनालयाने नव्या इमारतीसाठी निधी जमवला होता. तो क्रिप्टोत गुंतवावा, असं अध्यक्ष अप्पासाहेब बारबोले यांच्या मनात आलं, कारण त्यांचे जावई रणधीर त्याच धंद्यात होते. रणधीर यांनी विश्वस्तांसमोर असे काही शब्द फेकले, की अर्थ विचारला तर आपलं अज्ञान उघडं पडेल, या भीतीने सगळे माना डोलवत राहिले.

इंदुमती केसकर या निवृत्त शिक्षिका मात्र म्हणाल्या, “ब्लॉकचेन म्हणजे काय, ते जरा मराठीत सांगा.”

“बाई, तुम्हाला ते झेपायचं नाही,” रणधीर हसले. “तरी सांगतो. प्रत्येक व्यवहाराची एकच नोंद हजारो कॉम्प्युटरवर असते. एकट्याला ती गुपचूप बदलता येत नाही. म्हणून इथे कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही.”

“आणि प्रायव्हेट की?”

“तुमच्या नाण्यांची गुप्त चावी. ती ज्याच्या हाती, त्याची नाणी. सख्ख्या भावालाही सांगायची नाही.”

“मग आमची चावी कुणाकडे राहणार?”

“माझ्याकडे. तुम्ही निर्धास्त राहा, माझ्यावर विश्वास ठेवा.”

बाई शांतपणे म्हणाल्या, “इथे कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही, असं आत्ताच म्हणालात ना? मग सुरुवात आम्ही तुमच्यापासूनच करतो.”

अप्पासाहेबांनी ठराव मताला टाकला, तेव्हा त्यांचा स्वतःचा हातही वर गेला नाही. निधी बँकेतच राहिला. घरी लेकीला काय सांगायचं, ते अप्पासाहेबांचं अप्पासाहेबांनी बघितलं.