अक्काची राख

"बाबा, बहीण कुणाची असते? भावाची, की गावभरच्या बायकांची?"

टेकडी चढता चढताच मल्हारीने विचारलं. काखेत फडक्याने तोंड बांधलेलं मडकं. पळून पळून धाप लागलेली.

नूरबाबा फकीर चिंचेखाली भाकरी खायला बसले होते.

"मडक्यात काय आहे?"

"अक्का."

बाबांच्या हातातला घास तसाच राहिला.

तुळसाक्का परवा गेली होती. लहानपणीच विधवा झालेली ही बाई; नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांसाठी तिने घर काढलं, मुलींची शाळा काढली. गाव चिडलं, दुकानदारांनी तिला मीठसुद्धा देणं बंद केलं, तरी दोन्ही चालवली. त्या घरातल्या साऱ्या जणी तिला आई म्हणत. मल्हारी तिचा एकुलता एक धाकटा भाऊ.

"खांदासुद्धा त्यांनीच दिला, बाबा. मी पुढे झालो तर म्हणाल्या, दादा, जरा सरका. मी सरकू? मी?"

"मग?"

"आज सावडायला त्यांच्या आधी गेलो. होती नव्हती ती सगळी राख भरून घेतली. त्यांना शाळेच्या अंगणात पुरायचीय. चिमूटभर देणार नाही!"

"तुझीच ना ती?"

"माझीच! आई गेली तेव्हा मी रांगत होतो. हिनेच भरवलं मला. मग त्या आल्या... त्यांची बाळंतपणं, त्यांच्या पोरी, त्यांचे धडे. मी बाहेर पायरीवर बसायचो. आतून तिचा आवाज यायचा. मला काय? नुसतं, 'मल्ह्या, भाकरी झाकून ठेवलीय, घे जा'..."

मडकं पोटाशी धरून तो रडू लागला. बाबांनी त्याला पोटभर रडू दिलं.

"बरं. ज्या हाताने तुला भरवलं, त्या हाताची राख तुझी. तेवढी वेगळी काढ. उरलेली त्यांची."

मल्हारीने हिसक्याने फडकं सोडलं. मडक्यात हात घातला. एक मूठ वर काढली, पाहिली... परत आत सोडली.

दुसरी काढली...

तिसऱ्या वेळी हात आतच राहिला.

"दादा... ओ दादा!" खालून हाका आल्या. बायका भर उन्हात चढण चढत होत्या. एकीला रडू आवरत नव्हतं.

मल्हारीने घाईघाईने हात बाहेर काढला आणि धोतराला पुसायला नेला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"पुसू नकोस. याच हाताने त्यांना पाणी दे."