सगुणेचे ताट

एकदा एका तांबटाने ठरवले, की महिनाभर घरखर्चाला कात्री लावायची आणि डोक्यावरचे कर्ज एकदाचे फेडून टाकायचे. निश्चय चांगला होता. माणूसही चांगला होता. म्हणूनच त्याची गोष्ट सांगावीशी वाटते. दुष्ट माणसाच्या हातून जे घडते, त्यात आपल्याला शिकण्यासारखे थोडेच असते.

गदाधर त्याचे नाव. नदीकाठच्या एका गावात, तांबटआळीत त्याचे घर होते. पुढच्या पडवीत भट्टी, मागे राहण्याच्या दोन खोल्या. घरात वृद्ध आई, पत्नी सगुणा आणि मथी नावाची लहान मुलगी. त्याचे वडील नामांकित कारागीर होते. ते वारले, आणि त्यांच्या वर्षश्राद्धाला गदाधराने सबंध आळीला जेवण घातले.

सगुणा तेव्हा म्हणाली होती, "घरापुरतं करू या. मामंजींना आवडायचं तेवढं मनापासून रांधते. एवढा बडेजाव आपल्याला झेपायचा नाही."

"लोक काय म्हणतील? एवढ्या मोठ्या माणसाचं श्राद्ध आणि घरापुरतं?" गदाधराने तिचे बोलणे तिथेच तोडले.

पंगतींवर पंगती उठल्या. लोकांनी तोंड भरून वाहवा केली, हात धुतले आणि ते घरोघर गेले. त्यासाठी पेठेतल्या तांब्याच्या व्यापाऱ्याकडून उचललेली रक्कम तेवढी मागे राहिली.

व्यापारी निर्दय नव्हता; शब्दाचा मात्र पक्का होता. थोडीफार फेड झाली, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढू लागले, तेव्हा त्याने गदाधराला दुकानात बोलावून घेतले. नोकरांना बाहेर पाठवून तो म्हणाला, "पुढच्या अमावास्येला हिशेब मिटला पाहिजे. नाही मिटला, तर तुझी ऐरण आणि भाता माझ्या वखारीत येतील. तुझ्या वडिलांकडे बघून हे एकांतात सांगतोय."

गदाधराच्या हाती त्या वेळी घंगाळांचे एक मोठे काम होते. त्याची मजुरी संपूर्ण बाजूला टाकली आणि तो महिना घर अगदी थोडक्यात चालवले, तर रक्कम उभी राहणार होती. मनाशी हा हिशेब करून तो नदीपलीकडे गेला. तिथे एका लहानशा मठीत त्याचे वृद्ध गुरू राहत. बालपणी त्याने त्यांच्यापाशी अक्षरे गिरवली होती, आणि मोठेपणीही मनातले सांगायला तो त्यांच्याकडेच जाई.

गुरूंनी सारे ऐकून घेतले. "काय काय कमी करणार आहेस?"

"दूध बंद. तूप, गूळ बंद. तेल अर्ध्यावर. माझं पान-तंबाखू तर आजपासूनच सोडलं."

"आणि धान्य?"

"तेही मोजून. कोठीची किल्ली मी माझ्याकडे घेणार आहे. रोज सकाळी माझ्या हातानं माप काढून देईन."

"माप तू काढशील. वाढणार कोण?"

गदाधराला हसू आले. "वाढणार सगुणाच की, गुरुजी. वाढायला आणखी कोण आहे घरात?"

गुरूंनी नुसती मान हलवली. आपला बेत त्यांना पसंत पडला, असे समजून गदाधर घरी परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कोठीतून ज्वारीचे माप काढले आणि सगुणेच्या सुपात ओतले. तिला तेव्हा पाचवा महिना सरत आला होता. तिने सुपाकडे पाहिले.

"एवढ्यात भागव. महिन्याचाच प्रश्न आहे," तो म्हणाला.

"भागवते," ती म्हणाली.

आणि खरोखरच भागू लागले. दुपारी भट्टीवरून उठून तो आत येई, तेव्हा त्याच्या पानात दोन भाकऱ्या असत. घण मारणाऱ्या हाताला तेवढे लागतेच, असे सगळेच धरून चालले होते. आईच्या पानात दुधाऐवजी वरणात कुस्करलेली भाकरी असे. मथी मागेल तेव्हा तिच्या हातावर तुकडा पडे. संध्याकाळी ऐरण झाकताना गदाधर आत डोकावून विचारी, "पुरलं ना?"

"पुरलं."

हा शब्द ऐकला, की त्याला दिवसाचा शीण गेल्यासारखे वाटे. आपण संसाराला शिस्त लावली, याचा त्याला अभिमान वाटू लागला. एवढे दिवस आपल्या घरात केवढी उधळपट्टी चालली होती, असेही त्याच्या मनात आले. मग एका सकाळी, माप भरता भरता त्याचा हात थांबला. रोज पुरते आहे, म्हणजे याहून थोडे कमी दिले तरी चालेल. त्याने माप काठोकाठ न भरताच सुपात ओतले.

सगुणेने त्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहिले. तो किल्ली कमरेला खोचत होता. ती सूप घेऊन जात्याकडे गेली.

त्यानंतरच्या दिवसांत दिसण्यासारखे पुष्कळ होते. पण पाहणाऱ्याचे लक्ष अमावास्येकडे लागले होते. विहिरीवरून येताना सगुणा घागर उतरवून मध्येच पायरीवर बसू लागली. हातातल्या बांगड्या तिने दोरा गुंडाळून घट्ट केल्या. भांडी चिंचेने घासून द्यायला तिला उशीर होई, तेव्हा गदाधर पडवीतून ओरडे, "अगं, गिऱ्हाईक उभं आहे! हाताला जरा वेग येऊ दे."

आईला डोळ्यांनी नीट दिसत नसे. पण तीही एकदा म्हणाली, "अरे, सुनेचा आवाज खोल गेलाय. तिला काय हवं-नको बघ."

"आई, थोडे दिवस राहिलेत आता. पुढच्या महिन्यात तिला रोजचं दूध लावू. मी काय वैरी आहे तिचा?"

अमावास्या दोन दिवसांवर आली आणि रक्कम पुरी झाली. गदाधराला इतका आनंद झाला, की त्याने नावाड्याबरोबर गुरूंना दुपारच्या भोजनाचे निमंत्रण धाडले. त्या सकाळी त्याने सुपात एक मूठ ज्वारी जास्त टाकली. "गुरुजी येणार आहेत," तो म्हणाला. "साधंच कर, पण पोटभर वाढ."

गुरू आले. पाट मांडले होते. सगुणेने त्यांच्यापुढे ताट ठेवले: दोन भाकऱ्या, वरण, माठाची भाजी, कडेला मीठ. गदाधर शेजारच्या पाटावर बसला आणि आपण महिना कसा निभावला, ते उत्साहाने सांगू लागला. गुरू ऐकत होते, पण त्यांची दृष्टी वाढणाऱ्या हातांकडे होती.

एकाएकी ते उठले. ताट दोन्ही हातांनी उचलून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि त्यांनी ते सगुणेपुढे ठेवले.

"मुली, हे तुझं. तुझं ताट मला आण."

गदाधर गडबडून उभा राहिला. "गुरुजी, हे काय? काही चुकलं का? घरची बाई पाहुण्यांच्या आधी कशी जेवेल?"

"आधी नाही, नंतर जेवते ना? नंतर ती जे जेवणार आहे, तेच मला हवं आहे."

सगुणेचा चेहरा उतरला. "गुरुजी, तुम्ही बसा. माझं मी मागाहून करून घेईन."

"कशाचं करशील?"

गुरूंनी भाकरीच्या टोपलीवरचे फडके बाजूला केले. टोपली रिकामी होती. चुलीपाशी वरणाचे पातेले होते. त्यात पाणी घालून ते हलवून ठेवले होते. पाण्यावर डाळीचा पिवळसर रंग होता, एवढेच.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

सगुणेने मान खाली घातली. उत्तर मथीने दिले. ती दाराशी भाकरीचा तुकडा चघळत उभी होती. "ते आईचं आहे. आई रोज तेच पिते. तिला ते आवडतं."

गुरूंनी पातेल्यातले पाणी वाटीत ओतून घेतले, पाटावर येऊन बसले आणि सावकाश, थेंबही न सांडता ते सारे प्यायले. मग वाटी खाली ठेवून ते म्हणाले,

"गदाधरा, तू खर्च कमी केलास असं तुला वाटतं. तो कमी झाला नाही. त्यानं फक्त जागा बदलली. आधी तो तुझ्या थैलीतून जात होता, आता हिच्या अंगातून जातो आहे. व्यापाऱ्याचं देणं तुला दिसत होतं, कारण तो तोंडानं मागतो. ही मागत नाही, म्हणून हिचं देणं तुझ्या हिशेबात आलं नाही. आणि हिच्या पोटात जे आहे, त्याला तर अजून तोंडही फुटलेलं नाही. जो गेला त्याच्या नावानं तू आळी जेवू घातलीस, आणि जो यायचा आहे त्याच्या घासातून ते फेडतो आहेस. काटकसर करू नको, असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या हाती माप आहे, त्यानं सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसावं. मग माप केवढं असावं, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही."

आत कोपऱ्यात आई रडू लागली. "मला कळलं नाही गं, सगुणे. माझ्या पानात वाढत राहिलीस आणि मी खात राहिले."

गदाधराने फळीवरची कर्जफेडीची थैली काढली आणि अनवाणीच तो बाजारात धावला. तांदूळ, तूप, दुधाची चरवी घेऊन तो परतला, तेव्हा त्याच्याबरोबर सुईणही होती. तिने सगुणेला आडवे केले, पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच राहू दिला. मग हलक्या आवाजात विचारले, "हालचाल कधीपासून नाही, बाई?"

"झाले काही दिवस," सगुणा म्हणाली. "मला वाटलं, निजलं असेल."

अमावास्येच्या सकाळी मूल आले, ते मेलेलेच. मुलगा होता. गदाधराने त्याला कापडात गुंडाळून नदीकाठी नेले आणि पुरले. सगुणेला ताप भरला. वैद्याला, औषधाला, दुधाला थैली मोकळी होत गेली, आणि या वेळी तिच्यात हात घालताना गदाधराने मोजले नाही.

संध्याकाळी व्यापारी आला. रक्कम अपुरी होती. गदाधराने मुदत मागितली नाही, कारणही सांगितले नाही. आतून कण्हणे ऐकू येत होते. व्यापारी थोडा वेळ उंबऱ्याशी उभा राहिला; पण शब्द तो शब्द. हमालांना तो एवढेच म्हणाला, "हळू उचला. घरात आजारी माणूस आहे." ऐरण गेली, भाता गेला. जिथे वडील आयुष्यभर बसले, त्या पडवीत जमिनीवर ऐरणीचा काळा खड्डा राहिला.

गदाधर आळीतल्याच दुसऱ्या तांबटाच्या भट्टीवर मजुरीला जाऊ लागला. वर्षश्राद्धाला त्याची वाहवा करणारे लोक आता त्याला पाहून वाट बदलत. त्याला त्याचे काही वाटेनासे झाले होते. कोठीची किल्ली त्याने सगुणेच्या उशाशी ठेवून दिली होती. तिने किल्लीला हात लावला नव्हता.

पुष्कळ दिवसांनी ती भिंतीला टेकून बसू लागली. एके दुपारी तो मऊ भाताची वाटी घेऊन तिच्याजवळ बसला. जो प्रश्न इतके दिवस विचारायचा राहिला होता, तो त्याने अखेर विचारला.

"तू मला एका शब्दानं सांगितलं का नाहीस?"

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला अधिक सहन होईना.

"वर्षश्राद्धाच्या वेळी सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा बोलू दिलं नाहीत. मग पुन्हा सांगावंसं वाटलंच नाही. आणि तुम्ही रोज विचारत होतात, 'पुरलं ना?' पुरलंच होतं. एकदा जरी विचारलं असतंत, 'तू जेवलीस का?', तर मला खोटं बोलता आलं नसतं."

गदाधराने वाटी पुढे केली. अर्धा भात खाऊन तिने सवयीने ती त्याच्याकडे सरकवली. त्याने ती परत तिच्या हातात दिली. पलीकडच्या भट्टीवरून घणाचे ठोके सुरू झाले होते. कामाची वेळ झाली होती. तो उठला नाही. तिने वाटी रिकामी करीपर्यंत तो खाली मान घालून तिथेच बसून राहिला.

महिना काटकसरीत निभावला म्हणून ज्याला समाधान वाटेल, त्याने घरात सगळ्यांच्या शेवटी कोण जेवले आणि काय जेवले, एवढे एकदा आत जाऊन पाहावे.