निरंक चौकीची जीप

खडकशेत चौकीच्या हवालदार यमुनाबाई ढेंबरे यांच्याकडे सरकारी वाहन म्हणाल तर स्वतःचे दोन पाय. तेवढ्यावर त्यांनी गावात असा वचक बसवला होता, की उसाच्या आडोशाला गांजा लावायची कुणाची छाती होत नव्हती. पण आता बाहेरचे गांजावाले मोटारसायकलींवरून शाळेभोवती घिरट्या घालू लागले, तेव्हा बाईंनी जीप मागितली.

निधी समितीचे अध्यक्ष नानासाहेब घोरवडे पाहणीला आले. त्यांच्या पुढे एक गाडी, मागे एक गाडी, दोन्हींत बंदूकवाले. चहा भुरकत त्यांनी बाईंचा अहवाल उघडला आणि सगळ्या गावादेखत खो-खो हसले.

"गांजाचे गुन्हे, निरंक! अहो बाई, जिथं काही घडतच नाही, तिथं जीप काय पापड वाळवायला हवी?"

बाईंनी कडक सलाम ठोकला.

"खरंय साहेब. तुमच्यावर झालेल्या हल्ल्यांचा अहवालही मीच पाठवते. पाच वर्षं तोही निरंकच आहे."

"मग?"

"मग मागची गाडी ठेवून जा की! पापड पुष्कळ आहेत."

नानासाहेबांचा चहा नाकात गेला.

महिन्याभरात जीप आली. बाईंनी पुढच्या अहवालात वाहनापुढचं 'निरंक' तेवढं खोडलं, गांजापुढचं तसंच ठेवलं.